मत न सांगणं म्हणजे भित्रेपणा नव्हे

प्रश्न : उमरग्यात माझं किराणा दुकान आहे. जिल्ह्याचं नाव असो की आरक्षण, गिऱ्हाइकांत रोज जुंपते. ‘मालक, तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असं मलाच विचारतात. गप्प बसलो तर भित्रा ठरतो, बोललो तर गिऱ्हाईक तुटतं. काय करू?
– एक वाचक, उमरगा

उत्तर : प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे मत देण्याचं बंधन तुमच्यावर नाही, त्यात भित्रेपणाही नाही. माहिती आणि मत वेगळं ठेवा. २०२३मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं आणि मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, ही माहिती. ते योग्य की अयोग्य, हे मत. माहिती चुकली तर एकदाच, शांतपणे सांगा. मतावर हुज्जत नको. कुणाच्या तोंडी जुनं नाव आलं तर टोकू नका. बाजू विचारली तर हसून म्हणा, ‘माझी बाजू तराजूची. साखर किती देऊ?’

मात्र कुणाची जात-धर्म काढून अपमान होत असेल, तर ‘दुकानात हे चालणार नाही’ असं स्पष्ट बजावा. प्रकरण हातघाईवर आलं तर ११२वर फोन करा. मन मोकळं करायचंच असेल, तर दुकान बंद झाल्यावर, विश्वासातल्या माणसाशी जरूर बोला.