वृश्चिकदंश चिकित्सा : एका चाचणीचे परीक्षण

पाचगणीहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर व पुढे महाड लागते. लाल विंचवाच्या विषाने हृदय व फुप्फुसे निकामी होऊन तेथे पूर्वी अनेक रुग्ण दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1983 पासून प्राझोसिनचा वापर सुरू केला आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. त्यांची 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वैद्यवर्गाने अवश्य अभ्यासावी.

दरदरून घाम, गार हातपाय अशी सार्वदेहिक लक्षणे असलेले 70 रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. 35 जणांना केवळ प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिनसह प्रतिविष. दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले ते अनुक्रमे 8 आणि 32. फरक ठळक आहे. परंतु मोजली गेली ती लक्षणमुक्ती, मृत्यू नव्हे. प्रकृती अधिक बिघडणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. शिवाय कोणास काय दिले हे चिकित्सकास ठाऊक होते. तेव्हा 'रुग्ण लवकर बरा होतो' एवढेच या आकड्यांवरून म्हणता येते. 'प्राण वाचतात' असे नव्हे.

सुश्रुतसंहितेतील मंद, मध्य व महाविष हा विंचवांचा भेद येथे स्मरावा. मंदविष दंशाची वेदना बहुधा आपोआप शमते. मग शंभर रुग्णांत आलेला गुण लेपाचा की काळाचा? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर याचे उत्तर मिळत नाही, आणि आपल्याकडील अनुभवलेखांत तो क्वचितच असतो. औषधालयचालकांनी मात्र घाम व गार हातपाय दिसताच लेपाची डबी बाजूस ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.