हलालनंतरचा प्रश्न : मांस तय्यिब आहे काय?

हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) हे शिकार करणारे सहाबी होते. बाण लागलेली शिकार नजरेआड झाली आणि तीन दिवसांनी सापडली तर काय करावे, याविषयी त्यांनी कथन केलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती खाण्याची परवानगी दिली, मात्र तिला दुर्गंधी सुटलेली नसावी, अशी अट घातली. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना सांगितलेली अट निराळी आहे. शिकार पाण्यात बुडालेली आढळली तर खाऊ नये. जीव बाणाने गेला की पाण्याने, हे कळत नाही. ही अट हलाल-हरामची आहे, तर आधीची मांसाच्या अवस्थेची. इमाम नववी (रह.) यांच्या मते दुर्गंधीमुळे असलेली मनाई कराहतीची आहे, परंतु अपायाची भीती असेल तर तेच मांस हराम ठरते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील रानकोंबड्यावर आज कोणी बाण सोडणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मग अंधेरी-घाटकोपरच्या कुटुंबाला या हदीसीचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, दुकानात आपण "हलाल आहे ना?" एवढेच विचारतो, "कधी कापली?" हे विचारत नाही. पवित्र कुरआनात मात्र हलाल आणि तय्यिब हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत (सूरह अल-बकरा, आयत 168).

पक्ष्याचे मांस पारखणे कठीण नाही. ताजे मांस बोटाने दाबले तर खळगा लगेच भरून येतो. शिळे मांस चिकट लागते. वास घ्यायचा तो छातीचा नव्हे, तर पंखाखालचा आणि पोटाच्या पोकळीतला. बिघाडाची हिरवट छटाही आधी पोटाच्या खालच्या भागात दिसते. अमेरिकेत रानटर्कीची शिकार करणारे पक्ष्याची आतडी त्वरेने काढतात, कारण छऱ्याने आतडे फुटले की आतली घाण मांसाला लागते. आपल्या दुकानातही आतडे फाटले असेल तर तो भाग नुसता धुऊन न घेता कापून टाकण्यास सांगावे. ही पारख हळद-दही लावण्यापूर्वी करावी. मसाल्याने वास झाकला जातो, दोष जात नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत, तेव्हा ग्राहकाने मांस हाताळून पाहिले तर विक्रेत्याने रागावू नये.

तरीही नाक पुरेसे नाही. उबदार हवेत काही रोगजंतू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतात, आणि त्यांतील अनेकांना वास नसतो. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात पिशवीतील मांस घेऊन दोन-तीन कामे उरकत घरी येणे हेच खरे धोक्याचे. कच्ची कोंबडी फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावी. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, केवळ थांबतात.

बकरी ईदच्या दिवशी ही हयगय सर्वाधिक होते. गरम मांसाचा मोठा ढीग एकाच पिशवीत भरला की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि दुपार उलटल्यावर नेमकी तीच पिशवी गरिबाच्या हाती पडते. जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय स्वीकारणार नाही असे निकृष्ट दान देऊ नये, अशी सूरह अल-बकराच्या आयत 267 मध्ये ताकीद आहे. म्हणून मांस पातळ थरात पसरून आधी निववावे, लहान पुडे करावेत, आणि वाटपाचे पुडे घरच्या वाट्याआधी रवाना करावेत.