थर्माकोलचा पुनरुपयोग

घरांत नवा फ्रीज आला म्हणजे त्याच्या खोक्यांतून पांढरे, हलके ठोकळे निघतात. फ्रीज जागेवर जातो आणि ठोकळे कचऱ्यांत जातात. या पदार्थास आपण थर्माकोल म्हणतों. त्याचें शास्त्रीय नांव प्रसरित पॉलिस्टायरिन. तो खरोखरच टाकाऊ आहे काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पॉलिस्टायरिनच्या बारीक मण्यांत पेंटेन नांवाचें द्रव्य असतें. वाफेची उष्णता लागतांच मणी फुगतात, व साच्यांत पुन्हां वाफ दिली कीं एकमेकांस चिकटून त्यांचा ठोकळा बनतो. त्याच्या आकारमानांत शेंकडा सुमारें ९८ भाग हवाच असते. म्हणून तो नाजूक सामानास धक्क्यापासून व शीतगृहास उष्णतेपासून राखतो.

परंतु हाच गुण पुनरुपयोगाच्या वाटेंतील धोंड होय. एक घनमीटर थर्माकोलचें वजन सुमारें १५ ते २० किलो. तेवढेंच भरीव पॉलिस्टायरिन सुमारें १०५० किलो भरतें. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा. थर्माकोलनें भरलेली मालमोटार वस्तुतः हवाच वाहून नेते; मग भाडें कसें सुटावें?

यावर पहिला उपाय दाबयंत्राचा. चुरा करून दाबला असतां थर्माकोलची चाळीसपट लहान, जड वीट होते. ती वितळवून दाणे पाडतात, व त्यांपासून चित्रांच्या चौकटी, कपडे अडकविण्याचे हँगर इत्यादि वस्तू होतात. दुसरा उपाय विरघळविण्याचा. संत्र्याच्या सालींतील तेलांत लिमोनीन नांवाचें द्रव्य असतें. त्यांत थर्माकोल साखरेप्रमाणें विरघळतो. जपानांतील सोनी कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत ही युक्ति उपयोगांत आणिली होती.

इमारतींतील जुन्या थर्माकोलची गोष्ट निराळी आहे. तो लवकर पेटूं नये म्हणून त्यांत एक ब्रोमीनयुक्त द्रव्य घालीत असत. तें सजीवांच्या शरीरांत सांचतें व दीर्घकाळ नाश पावत नाहीं, म्हणून २०१३ सालीं स्टॉकहोम करारान्वयें त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. असा माल सामानाच्या थर्माकोलांत मिसळला तर सर्वच बिघडतो. तो विरघळवून विषारी द्रव्य वेगळें काढण्याचा प्रायोगिक कारखाना नेदरलँड्समधील टर्नोझन येथें २०२१ मध्यें सुरू झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रसायनशास्त्रानें आपलें काम पुष्कळसें केलें आहे. जें उरलें तें वेगळें ठेवण्याचें व गोळा करण्याचें काम, आणि तें घराघरांतून सुरू होतें. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून थर्माकोलच्या ताटवाट्यांस बंदी आहे. पण सामानाबरोबर येणारे ठोकळे अद्याप घरीं येतातच. ते कोरडे व स्वच्छ ठेवावे, चिकटपट्ट्या काढाव्या, आणि आळींतील सर्वांचा सांठा एकत्र करून घेणाऱ्याकडे पोंचवावा. एका घरचे दोन ठोकळे कोणी नेणार नाहीं. पन्नास घरांचा ढीग नेणें परवडूं शकतें. तो जाळूं मात्र नये, कारण त्याच्या काळ्या धुरांत विषारी वायु असतात. पालकांनीं व मुलांनीं मिळून एवढें केलें, तरी गटारांत तुंबणारी वस्तु पुन्हां कामास लागेल.