पानातला न, पाण्यातला ण

परवा फोनवर बोलताना तू मध्येच गप्प झालीस, तेव्हाच मला शंका आली होती. वर्गात धडा वाचताना तुझ्या तोंडून ‘पानी’ गेलं, मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि तेव्हापासून तू हात वर करणंच सोडलंस. अगं, आधी का नाही सांगितलंस? माझंही हेच झालं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी निबंध वाचायला उभी राहिले, ‘कोण’च्या जागी ‘कोन’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मग घाबरून मी दिसेल त्या न चा ण करायला लागले. ‘मणात’, ‘धण्यवाद’! त्या वाटेला तू जाऊ नकोस.

आधी एक सांगते. ण तुला येतो. ‘दिंडी’ म्हण बघू. तुकोबांची पालखी आपल्या निमगावला मुक्कामाला आली की सगळ्यांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असतो. आता सावकाश म्हण, दिं... डी. ड यायच्या आधी जिभेचा शेंडा वर वळून टाळूला टेकतो ना? तिथंच थांब आणि आवाज नाकातून जाऊ दे. हाच तो ण. ‘थंडी’, ‘भांडं’, ‘पेंड’ या सगळ्यांत तो आहेच. आता ड गाळायचा आणि जीभ तिथूनच झटकन खाली सोडायची. दिंडी, दिणी. थंडी, थणी. शब्दाला अर्थ नसला तरी चालेल, जिभेला वळण पडतंय. मग ‘कांदा’ म्हण. इथं शेंडा पुढं, वरच्या दातांच्या मुळाशी टेकतो. तो न.

माझी एक मैत्रीण इंडोनेशियाची भाषा शिकते. त्या भाषेत चार अनुनासिकं, म, न, ञ आणि ङ. आपण ङ आणि ञ शाळेत नुसते घोकले, तिकडं ते रोज लागतात. फुलाला म्हणतात ‘बुङा’. ती बिचारी ‘बुंगा’ म्हणायची, ग काही केल्या सुटेना. शेवटी ‘रंग’ म्हणता म्हणता ग च्या आधी थांबायला शिकली, तेव्हा जमलं. डासाला ‘ञामुक’. शब्दाच्या सुरुवातीलाच ञ! त्यासाठी तिनं ‘पंच’मधला च सोडून दिला. तुझी ‘दिंडी’ही तशीच.

पण जिभेआधी कान तयार कर. मला तर वाटतं, खरं काम कानाचंच आहे. कोन आणि कोण, तान आणि ताण, मान आणि माण. मान आपली, माण साताऱ्याकडचा तालुका. मैत्रिणीला पाठमोरी बसव, तिनं शब्द म्हणायचा, तू ओळखायचा. फरक ऐकू यायला लागला की जीभ आपोआप मागं येते. मला पंधरा दिवस लागले. नंतर मळ्यातलेच शब्द घे, खुडणी, उतरण, लावण. पानमळ्यात वाढलेल्या पोरीला ते पाठ करावे लागत नाहीत.

आणि कुणी ‘शुद्ध’ म्हणून नाक मुरडलं, तर आपलं पान आठव. संस्कृतातल्या ‘पर्ण’चं मराठीत ‘पान’ झालं आणि ‘पानीय’चं ‘पाणी’. जिथं ण होता तिथं न आला, जिथं न होता तिथं ण. ‘चूर्ण’चा चुना झाला, ‘कर्ण’चा कान, ‘सुवर्ण’चं सोनं. म्हणजे विड्याचं पान आणि त्याला लावलेला चुना, दोघांनीही आपला ण टाकलाय आणि त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही! आपल्या आजीच्या तोंडचा ‘पानी’ तेवढा हसण्यावारी नेतात, याचं मला फार वाईट वाटतं. ण शिक, कारण परीक्षेत, मुलाखतीत तो विचारला जातो आणि उद्या शिक्षिका झालीस तर पोरं तुझंच ऐकून बोलतील. पण घरी आलीस की आजीला ‘पाणी’ म्हणून दुरुस्त करू नकोस. तिच्याशी तिच्यासारखंच बोल. दोन्ही बोलता येणं ही कमाईच आहे.

उद्या वर्गात हात वर कर. एखादा शब्द चुकला तर थांबून पुन्हा म्हण, घाई करू नकोस. आणि रविवारी रात्री फोन कर. मी दहा शब्द म्हणेन, तू डोळे मिटून फक्त न की ण तेवढं सांग.