गाण्याचा सात-बारा

चि. ताईस,

तुझे पत्र पावले. येत्या मार्गशीर्षात तुझ्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन योजले आहे, त्या निमित्ताने कुटुंबातील प्रत्येकाने आपली पाच आवडती गाणी गायकांच्या नावांसह लिहून कळवावीत, म्हणजे त्यांची एक यादी करून ती समारंभाच्या दिवशी ओळीने लावता येतील, असे तू लिहिलेस. योजना मला मनापासून आवडली. तथापि यादी पाठविण्यापूर्वी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटले. कारण ज्याची पस्तीस वर्षे तहसील कचेरीत जमिनीचे दप्तर सांभाळण्यात गेली, त्याला कोणतीही नोंद अपुरी राहिलेली पाहवत नाही, आणि तू मागविलेली नोंद अपुरी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

सात-बाराचा उतारा तू पाहिला असशील. वस्तुतः तो दोन नमुने एकत्र करून झालेला कागद आहे. गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेख. जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती, तिच्यावर बोजा कोणाचा, हे त्यात असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. कोणत्या साली, कोणत्या हंगामात त्या जमिनीत काय पिकले आणि किती पड राहिली, हे त्यात असते. वरच्या भागावरून मालक कळतो, परंतु त्या जमिनीने कोणाला काय दिले हे जाणावयाचे तर खालचा भाग वाचावा लागतो. गाण्याचेही असेच आहे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, हा त्याचा सातवा नमुना. तो कोठेही छापील मिळतो आणि हल्ली तर तुम्हा मुलांना तो बोटाच्या एका स्पर्शासरशी हजर होतो. परंतु ते गाणे कोणाच्या आयुष्यात कोणत्या साली पेरले गेले, त्या वेळी शेजारी कोण बसले होते, त्यातून काय उगवले आणि काय करपून गेले, हा बारावा नमुना केवळ ऐकणाऱ्यापाशी असतो, त्याची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरखान्यात नसते, आणि तो मनुष्य गेला की त्याच्याबरोबर जातो.

माझ्या यादीतील पहिलेच गाणे घे. १९५५ सालच्या रामनवमीस, म्हणजे १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्रावरील सीताकांत लाड यांची ती कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभरात ५२ गाणी व्हावयाची, परंतु त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती ५६ झाली. वाईपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. पाटलांच्या वाड्यात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. त्याच्यापुढे गीताच्या दिवशी सकाळी उदबत्ती लागे, आणि स्नान उरकून आलेली पंचवीस-तीस माणसे ओटीवर मांडी घालून बसत. मी नऊ वर्षांचा होतो आणि वडिलांच्या शेजारी बसत असे. ते शाळामास्तर, अत्यंत मितभाषी. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही आणि डोळे भरलेलेही कधी पाहिले नव्हते. पावसाळ्यातल्या एका सकाळी चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत लागले. गाणे निम्म्यावर आले असताना वडील उठले, ओटीच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसू लागले. चष्मा पुसण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून तो वेळ पुष्कळच अधिक होता. परत येताना त्यांनी माझा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

वडील १९७२ साली वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, कचेरीच्या दप्तरखान्यात एका तक्रारीच्या चौकशीसाठी फेरफारांची जुनी नोंदवही चाळत असता, आमच्याच गावाचे आणि आमच्याच जमिनीचे एक पान अकस्मात पुढे आले. दीड एकरातील आपला निम्मा हिस्सा धाकट्या भावाने थोरल्या भावाच्या लाभात, कसलाही मोबदला न घेता, सोडून दिल्याची ती नोंद होती, आणि खाली दोघांच्या सह्या होत्या. आमचे काका मुंबईच्या गिरणीत गेले ते परत आले नाहीत, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक होते. ते भांडून गेले असे घरात कोणी कधी म्हटले नव्हते, आणि भांडून गेले नाहीत असेही कोणी म्हटले नव्हते. दीड एकरात दोन संसार चालणार नाहीत हे जाणून त्यांनी आपला वाटा भावाच्या पदरात घातला होता, आणि तो घेतल्याचे ओझे वडिलांनी जन्मभर एकट्याने वाहिले होते. राज्य एकमेकांस देऊ पाहणाऱ्या दोन भावांचे गाणे ऐकताना ते का उठले, हे मला त्या पानाने सांगितले. परंतु ते सांगावयास कागद लागला. ज्यांच्याशी एका घरात मी सव्वीस वर्षे राहिलो, त्या वडिलांना त्या गाण्याविषयी मी एकही प्रश्न विचारला नाही. हे शल्य मला आजही आहे, आणि म्हणून माझा पहिला उपदेश हा की, ज्याचे गाणे मागशील त्याला त्या गाण्याची हकिकतही विचार, आणि ती तो हयात असतानाच विचार.

दुसरी गोष्ट माझ्या आईची. पहाटे चिमणीच्या उजेडात ती जात्यावर बसे. डाव्या हाताने वैरण घालावयाची, उजव्या हाताने खुंटा फिरवावयाचा, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी निघावयाची. पहिली ओवी देवाची, मग माहेरची, मग भावांची, मग आम्हा मुलांची. असा तिचा क्रम ठरलेला असे. माझ्यापूर्वी जन्मून दोन महिन्यांत गेलेल्या मुलासाठीही तिची एक ओवी होती, आणि ती म्हणताना जाते किंचित सावकाश फिरे, हे अंथरुणात पडल्या पडल्या मला जाणवत असे. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि आईच्या खांद्याचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. परंतु ओवीचा श्वास जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला असल्यामुळे फेरा थांबताच ओवीही थांबली. पुष्कळ वर्षांनी मी तिला ती ओवी म्हणावयास सांगितली, तेव्हा दळणावाचून ती तिच्या ओठी येईना. आज माझ्यापाशी तिचे फक्त वळण उरले आहे, शब्द नाहीत. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव त्यांच्याबरोबर नोंदविले. ते नाव-गाव लिहिण्यात मला त्या कार्याचे फार मोठे मोल वाटते. कोणाची ओवी हे कळले म्हणजे ती दुःखाची आहे की नवसाची, हेही कळू लागते.

तिसरी गोष्ट ऐकण्याविषयीची. कोणी आपले गाणे सांगितले असता त्याच्या गुणवत्तेची चिकित्सा करू नकोस. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरील एका सहकाऱ्याने एकदा एका जुन्या चित्रपटातील गाण्याचे नाव मोठ्या प्रेमाने घेतले, आणि मी, नाट्यसंगीताच्या अभिमानात वाढलेला, ते गाणे उथळ आहे असे सांगून त्याची कारणेही दिली. तो गप्प झाला. कित्येक महिन्यांनी त्याने आपण होऊन सांगितले की, त्याचा थोरला भाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असे. एका हंगामात प्रत्येक वरातीला हेच गाणे मागितले गेले, आणि त्या हंगामाच्या कमाईतून धाकट्याची मॅट्रिकची फी भरली गेली. मी खजील झालो. गाण्याची कलादृष्ट्या योग्यता ठरविण्यास रसिक आणि जाणकार समर्थ आहेत, आणि तू त्यांच्यापाशी जरूर शिक. परंतु कोणी आपले गाणे तुझ्यापुढे ठेवतो तेव्हा तो तुझा निवाडा मागत नसतो, आपल्या घराचे दार उघडीत असतो.

त्याचप्रमाणे गाणे पुरते ऐक. आमच्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांची असे, आणि आमची कितीतरी भावगीते त्या मापात बसवून रचलेली आहेत. मध्येच पुढच्या गाण्यावर जाण्याइतकी घाई सव्वातीन मिनिटांत कोणाला नसावी. आणि जे तुला सांगितले जाईल ते सांगितले तसेच लिही. साल चुकले असेल तर चुकू दे, परंतु हकिकतीला शोभा यावी म्हणून तीत पदरचे काही घालू नकोस. खाडाखोड केलेल्या नोंदीवर पुढे कोणी विश्वास ठेवीत नाही, हे मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. ज्याला सांगावयाचे नसेल त्याला मात्र आग्रह करू नकोस. त्याच्या नावापुढचा रकाना कोरा सोड.

आता शेवटची आणि मुख्य गोष्ट. पुढे आमच्या घरी स्वतःचा रेडिओ आला. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टात पैसे भरून नवा करून घ्यावा लागे. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमासाठी श्रोते पोस्टकार्डे पाठवीत, आणि निवेदिका गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचून दाखवी. तुझी आजी, म्हणजे माझी बहीण, तेव्हा अठरा वर्षांची होती. एका हिवाळ्यात तिने एकाच गाण्यासाठी अकरा कार्डे लिहिली. ती पेटीत टाकण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक कार्डावर तिच्या नावाशेजारी दुसरेही एक नाव असे. एका संध्याकाळी ती भाकरीचे पीठ मळीत असता ती दोन्ही नावे रेडिओवर वाचली गेली. ती उठली, मनगटापर्यंत पीठ लागलेले हात तसेच पुढे धरून उंबऱ्यात उभी राहिली, गाणे संपेपर्यंत हलली नाही, आणि मग परत जाऊन, कोणाशी एक अक्षरही न बोलता, तिने सगळ्या भाकऱ्या थापल्या. त्यानंतर तिने कार्ड पाठविले नाही.

ते गाणे कोणते, आणि दुसरे नाव कोणाचे, हे मला ठाऊक आहे. परंतु ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हे, तिचा आहे. तिला एक्क्याऐंशीवे वर्ष चालू आहे, स्मरण अजून लख्ख आहे, आणि साठ वर्षांत तिला हा प्रश्न कोणीही विचारलेला नाही. समारंभात तिच्यापुढे आमची सर्वांची गाणी तू लावशील, ते उचितच आहे. परंतु तत्पूर्वी एक संध्याकाळ मोकळी ठेवून तू एकटीच तिच्यापाशी जाऊन बस, आणि तिला तिचे गाणे विचार. माझ्या पाच गाण्यांचा कागद, दोन्ही नमुन्यांसह, सोबत जोडला आहे. त्याची घाई नाही. तिच्याकडे मात्र याच आठवड्यात जा.

तुझा,
मामाआजोबा