पुणे खिरा : परसबागेतील काकडीचा वेल

काकडीच्या ज्या जातीला पुण्याचेच नाव मिळाले, ती ‘पुणे खिरा’ ही आखूड, फिकट हिरव्या फळांची हळवी जात होय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पांढऱ्या फळांची ‘हिमांगी’ ही जातही बागाइतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे.

महात्मा फुले मंडईत काकडी मुबलक मिळत असता शहरातील कुटुंबाने ती घरी का लावावी? याचे उत्तर आपल्या ताटात आहे. खमंग काकडी असो की दह्यातील कोशिंबीर, काकडी आपण बहुधा कच्चीच खातो. सांडपाण्यावर पोसलेली वा फवारणीनंतर लगेच तोडलेली काकडी म्हणूनच शिजविलेल्या भाजीपेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते. घरच्या वेलाला कोणते पाणी घातले, हे मात्र आपणांस ठाऊक असते.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममधून जेमतेम १५ उष्मांक मिळतात. तेव्हा ती डाळ-भाकरीची जागा घेऊ शकत नाही. उन्हाळ्यातील जेवणाला ती उत्तम जोड होय. तिच्यातील तंतू व ‘के’ जीवनसत्त्व बरेचसे सालीत असल्याने कोवळी काकडी स्वच्छ धुऊन सालीसह खावी.

उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत, तर पावसाळी पिकासाठी जून-जुलैत बी टोकावे. गच्चीवर दीड फूट खोल, निचऱ्याची कुंडी, माती व कुजलेले शेणखत, भरपूर ऊन आणि वेल चढविण्यास मांडव एवढी सामग्री पुरे. दोन-तीन बिया टोकून उगवणीनंतर एकच जोमदार रोप राखावे.

वेलावर प्रथम नरफुले येतात व गळून पडतात. यामुळे अनेकजण निराश होतात. पण त्याचे कारण नाही. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या तळाशी बोटाएवढीही नसलेली इवलीशी काकडी दिसते. परागीभवन झाले नाही, तर तीही पिवळी पडून गळते. हे काम मधमाश्या करतात. म्हणून फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मुळीच फवारू नये. उंच इमारतीत मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी ताजे नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादीफुलावर हळुवार टेकवावेत.

काकडी कडू होते ती कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांनी ते वाढते. एप्रिलमध्ये दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतण्यापेक्षा रोज बेताने पाणी द्यावे व बुंध्याशी वाळलेला पाला पसरावा. कडवटपणा देठाकडे व सालीलगत अधिक असतो. टोक कापून घासण्याची आपली घरगुती रीत सर्वश्रुत आहे. तिचा उपयोग कितपत होतो ते असो, देठाकडचा भाग मात्र जरा सढळ हाताने कापावा.

पेरणीपासून साधारण दीड महिन्याने तोडणी सुरू होते. फळे कोवळी असतानाच एक-दोन दिवसांआड काढावीत. वेलावर एक जरी काकडी पिकू दिली तरी नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते. बियांसाठी फळ राखायचे झाल्यास ते हंगामाच्या अखेरीस राखावे, आणि तेही संकरित वाणाचे नसावे.