कान आणि कागद
(गाणे ऐकून शिकावे की वाचून?)

आपल्या संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळींनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा दोन पालकांच्या तक्रारी आमच्या मनात घोळत होत्या. संस्थेच्या सभागृहात सायंकाळी मुलांचा गाण्याचा व पेटीचा वर्ग भरतो. आम्ही शाळेत गणित शिकवतो. पेटी हा आमचा जुना छंद. त्या नात्याने या वर्गाला थोडाफार हातभार लावतो. तेथे एक गृहस्थ म्हणाले, "सर, आमची मुलगी कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की पेटीवर वाजवते. मग वहीत सा रे ग म लिहिण्यात तिचा वेळ कशाला घालवायचा?" त्याच आठवड्यात दुसऱ्या मुलाच्या आईने नेमके उलटे सांगितले. हळदीकुंकवाच्या दिवशी पाहुण्यांनी मुलाला गायला सांगितले. वही वर्गात राहिली होती. दोन परीक्षा पास झालेला मुलगा गप्प बसून राहिला.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एकीकडे कान आहे, कागद नाही. दुसरीकडे कागद आहे, कान नाही. यांतले कोणते बरे, हा वाद पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. त्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बडोद्याचा अनुभव

या विचारासाठी आपल्याला गाव सोडून दूर जाण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८८६ साली, बडोद्यात गायनशाळा निघाली. ती चालवणारे होते मौलाबक्ष. उत्तरेकडील गाणे त्यांना येत होतेच, शिवाय म्हैसूरकडे राहून त्यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. त्यांच्या तरुणपणीची एक हकीकत सांगतात. एक मोठे उस्ताद परक्याला विद्या देत नसत. तेव्हा मौलाबक्ष त्यांच्या घराबाहेर आडोशाला उभे राहून त्यांचे गाणे ऐकत आणि मनात साठवून नेत. हकीकतीचा तपशील कसाही असो, त्या काळी विद्या मिळणे किती अवघड होते, याची तीवरून कल्पना येते.

आता यातील गंमत पाहावी. ज्या माणसाबद्दल केवळ कानाने विद्या मिळवल्याची ही कथा सांगतात, त्याच माणसाने पुढे स्वर लिहिण्याची एक लिपी तयार केली, त्या लिपीत पाठ्यपुस्तके छापली, आणि ज्याला शिकावेसे वाटेल त्याच्यासाठी शाळा उघडली. कानाची त्यांना किंमत नव्हती असे कोण म्हणेल? पण ज्याला दाराबाहेर उभे राहावे लागते, त्याला दार उघडण्याचे महत्त्व अधिक कळते. मौलाबक्ष १८९६ साली निवर्तले. त्यांच्या गायनशाळेचेच रूप पुढे वाढत जाऊन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत शिक्षणात पाहावयास मिळते.

याच गावात दरबारी गायक म्हणून आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ राहिले आणि १९५० साली येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्यांच्या एखाद्या चिजेचे स्वर कागदावर उतरवता येतील; परंतु ज्या आवाजाने आणि ज्या डौलाने ते समेवर येत, ते कोणत्या कागदावर उतरणार? एकाच गावाने कागदही दिला आणि कागदाच्या पलीकडचे गाणेही दिले, हे आपण ध्यानात ठेवावे.

स्वरलिपी म्हणजे काय

कित्येक वाचकांना स्वरलिपी, म्हणजे नोटेशन, ही मोठी अवघड बाब वाटते. वस्तुतः तिची ओळख होण्यास एक संध्याकाळ पुरते. आज आपल्याकडे प्रचारात असलेली एक प्रमुख पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आहे. हे व्यवसायाने वकील. त्यांनी ठिकठिकाणी फिरून उस्तादांकडून आणि पंडितांकडून चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा स्वरांसह छापल्या. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली, तीतही त्यांचाच पुढाकार होता. दुसरी पद्धत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या थोर पुरुषाने मात्रांचे भाग दाखवण्यासाठी निराळी चिन्हे योजली.

भातखंडे पद्धतीची मुख्य चिन्हे अशी. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ. खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी लहान रेघ. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली अर्धचंद्रासारखी रेघ. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे असेल, म्हणजे मींड घ्यायची असेल, तर तशीच रेघ वर. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. झाली लिपी!

आम्ही मुलांसाठी भूप रागात रचलेली एक साधी ओळ पाहा. ताल तीनताल, मात्रा १६.

× सा रे ग –
२ प ग रे ग
० प ध सां ध
३ प ग रे –

हाताने टाळी धरून ही ओळ चारदा म्हणावी. शेवटचा रे संपला की पुन्हा समेवर सा येतो. ज्याला पेटीवरील सात स्वर ठाऊक आहेत, तो पाव तासात ती वाजवील.

कागदाला काय सांगता येत नाही

आता याच ओळीतील स्वर मोजा : सा, रे, ग, प, ध. हे पाच स्वर भूपाचे. पण देशकार नावाचा दुसरा एक राग आहे, त्याचेही नेमके हेच पाच स्वर. मग फरक कोठे? भूपात गंधार हा मुख्य, त्याच्याभोवती राग फिरतो. देशकारात धैवत मुख्य, आणि रागाचा सगळा ओढा वरच्या सप्तकाकडे. पुस्तकात हे 'वादी ग' आणि 'वादी ध' अशा दोन शब्दांत लिहिलेले असते. परंतु धैवतावर किती थांबले म्हणजे भूपाचा देशकार होऊ लागतो, हे शब्दांनी कळत नाही. एखाद्या जाणत्याने दोन्ही राग लागोपाठ गाऊन दाखवले म्हणजे दहा वर्षांच्या मुलालाही कळते.

दरबारी कानड्याचा गंधार हे दुसरे उदाहरण. कागदावर तो 'ग'खाली रेघ, इतकाच. गाताना तो संथपणे हेलकावे खातो. पेटीवर तर तो निघतच नाही, कारण पेटीची पट्टी एका जागी बसलेली. अशाच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या दारात येऊ दिले नव्हते.

असे असूनही लिहिलेले व्यर्थ ठरत नाही. आमच्या लहानपणी मदरशात कुराणशरीफ शिकताना अक्षरावर लाटेसारखी खूण दिसली की तो स्वर लांबवायचा, हे आम्हांस ठाऊक असे. किती लांबवायचा, ते मात्र उस्तादांच्या तोंडून ऐकूनच कळे. चूक झाली की तेच पुन्हा म्हणून दाखवत. ऋग्वेदाच्या छापील पोथीतही अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ असते. तरी संथा घ्यावयाची ती गुरुमुखातूनच. दोन्हीकडे ग्रंथ आहे आणि दोन्हीकडे गुरूही आहे. ग्रंथ विसरू देत नाही, आणि गुरू चुकू देत नाही.

कागदावाचून कोठे अडते

आपल्याकडील रागगायनात एक गायक असतो, साथीदार त्याच्या मागोमाग जातात. तेथे कानाने भागते. किंबहुना कानावाचून भागतच नाही. परंतु चाळीस वादकांनी एकाच वेळी निरनिराळ्या ओळी वाजवावयाच्या असतील तर?

याचे उत्तर गोव्याने दिले. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बसवीत, ती गाऊन दाखवीत; आणि सेबास्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जाणकार त्या चालीभोवतीचे वाद्यसंगीत रचून प्रत्येक वादकाचा कागद लिहून देत. आपण ज्या जुन्या गीतांवर जीव टाकतो, त्यांतील कितीतरी गीते एकाच्या कानातून आणि दुसऱ्याच्या लेखणीतून अशी मिळून जन्मली आहेत. प्यारेलाल यांच्यासारख्या नामांकित संगीतकाराने व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्याकडेच घेतले.

तेव्हा कान श्रेष्ठ की कागद श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा आहे. काम कोणते आहे, ते आधी पाहावे.

आमची चूक

हे शहाणपण आम्हांस उशिरा आले. नुकतेच बी. एड. होऊन आम्ही शाळेत लागलो होतो. पेटी येते म्हणून मुख्याध्यापकांनी संगीताचा तास आमच्याकडे दिला. सातवीत एक मुलगा होता. त्याचे आजोबा भजनी मंडळात गात. हा मुलगा ऐकलेली कोणतीही चाल पेटीवर काढी. पट्टी बदलून मागितली तरी अडत नसे. पण स्वर लिहा म्हटले की त्याची वही कोरी. आम्ही नवे, नियमाचे मोठे अभिमानी. 'आधी लिहून दाखव, मग पेटीला हात लाव', असा दंडक त्याला घातला. परीक्षेत लेखी भागाला शून्य दिले. पुढच्या सत्रापासून तो तासाला यायचा बंद झाला.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवताना दिसला. जेवणानंतर आपण होऊन जवळ आला, पाया पडू लागला. आम्ही म्हणालो, "अरे, तुझं आम्ही नुकसान केलं." तो हसला. म्हणाला, "नाही सर, तुमचं खरं होतं. ध्वनिमुद्रणाला बोलावतात, समोर कागद ठेवतात, आणि मला वाचता येत नाही म्हणून परत पाठवतात. आता शिकवाल का?" त्या वर्षी दर रविवारी तो आमच्या घरी आला. त्याला येत असलेल्या चालीच आम्ही त्याच्याकडून लिहून घेतल्या. दिवाळीपर्यंत तो वाचू लागला. जी गोष्ट सातवीत त्याला भिंतीसारखी वाटली, ती सहा महिन्यांत साधली. कारण या खेपेस क्रम बरोबर होता.

वर्गासाठी क्रम

मूल आधी बोलते, मग अक्षरे गिरवते. गाण्यातही तोच क्रम ठेवावा. आमच्या अनुभवाप्रमाणे चार पायऱ्या पुरतात.

पहिली : आरंभीचे काही महिने वही नाही. सा कायम करणे, टाळीवर चालणे, ऐकलेली ओळ जशीच्या तशी म्हणणे.

दुसरी : श्रुतलेखन. भाषेच्या तासाला जसे घेतो तसेच. मुलाला तोंडपाठ असलेली ओळ त्याच्याकडूनच स्वरांत लिहवून घ्यावी. आधी टाळीच्या जागा, मग स्वर. मोबाइलवर ध्वनिमुद्रण असते, मग लिहिता कशाला, असे हल्ली विचारतात. ध्वनिमुद्रण गाणे जपते. लिहिताना मात्र प्रत्येक स्वर ओळखावा लागतो, आणि ओळखण्यातच शिक्षण आहे.

तिसरी : न ऐकलेली सोपी ओळ कागदावरून वाचणे.

चौथी, आणि हिच्यावाचून पहिल्या तिन्ही फुकट : वही मिटून गाणे.

शेवटी एक विनंती

आमच्या अम्मी लग्नघरी हळदीची गाणी म्हणत. कोकणातून आजीकडून आलेली ती गाणी. शेजारच्या मराठी बायकाही ती ऐकायला ओट्यावर येऊन बसत. त्यांतील शब्द थोडेफार आमच्या बहिणीला आठवतात. चाली मात्र अम्मींबरोबर गेल्या. स्वर लिहिण्याची विद्या आमच्या हातात तेव्हा कितीतरी वर्षे होती. मुलांच्या वह्या आम्ही दररोज तपासत होतो. घरातली एक ओळ लिहून ठेवावी, हे काही सुचले नाही.

म्हणून संस्थेच्या सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे. आपल्या घरी कोणाला ओव्या येत असतील, पाळणा येत असेल, गौरीची वा हळदीची गाणी येत असतील, तर या सुट्टीत मुलाला त्यांच्याजवळ बसवावे. त्याने आधी नीट ऐकावे, मग म्हणून दाखवावे, आणि आजी 'बरोबर आहे' म्हणाली की मग लिहावे. लिहिताना अडले, तर वही घेऊन सायंकाळी सभागृहात यावे. आम्ही तेथे असतोच.